घटक ५ : क्राफ्ला कॅल्डेरा – भूऔष्णिक ऊर्जेचा शोध आणि विंधन

५.० उद्दिष्टे

या घटकाचे अध्ययन केल्यानंतर आपणांस कॅल्डेरा आणि साधे ज्वालामुख यांतील फरक स्पष्ट करता यावा, जमिनीखालील उष्णतेचा शोध कोणत्या पुराव्यांच्या आधारे घेतात ते सांगता यावे आणि जागृत ज्वालामुखीत विहीर खोदण्याचा निर्णय कोणत्या अडचणींतून जातो याचे विवेचन करता यावे, अशी अपेक्षा आहे. आकडे पाठ करण्यापेक्षा एका आकड्याचा दुसऱ्याशी काय संबंध आहे, याकडे लक्ष द्यावे.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी बहुतेकांनी गावात बोअर मारताना पाहिले असेल. गाडी येते, धुरळा उडतो, केसिंग पाइप खाली जातात, आणि घरातील सर्वांचे डोळे त्या भोकाकडे लागलेले असतात. पाणी लागले तर आनंद. नाही लागले तर फुटाच्या हिशेबाने झालेला खर्च मातीत जातो. भूऔष्णिक विहिरीची गोष्ट मुळात हीच आहे. फरक इतकाच की तेथे शोध थंड पाण्याचा नसून अतितप्त वाफेचा असतो, खोली दोन-दोन किलोमीटर असते, आणि विहीर फसली तर एका कुटुंबाऐवजी एखाद्या देशाचे अंदाजपत्रक डळमळते.

या घटकासाठी आपण आइसलँडमधील क्राफ्ला हे एकच उदाहरण निवडले आहे. जगात भूऔष्णिक वीज निर्माण करणारी ठिकाणे पुष्कळ आहेत. परंतु वीजकेंद्र उभे राहत असतानाच पायाखालचा ज्वालामुखी जागा झाला, असे ठिकाण विरळा. पुढे याच ठिकाणी विंधनयंत्राचे टोक प्रत्यक्ष शिलारसात शिरले. एका उदाहरणात एवढा अनुभव साठलेला असताना अनेक उदाहरणांची ओझरती यादी देण्यात अर्थ नाही.

५.२ कॅल्डेरा म्हणजे काय?

कॅल्डेरा हा मूळ स्पॅनिश शब्द असून त्याचा अर्थ मोठी कढई असा होतो. गुऱ्हाळावरील काहील डोळ्यांसमोर आणली, तर आकाराची कल्पना चटकन येईल. ज्वालामुखीच्या खाली काही किलोमीटरवर शिलारसाचे कोठार असते. मोठ्या उद्रेकात हे कोठार मोठ्या प्रमाणात रिकामे झाले, की त्याच्या छताला आधार उरत नाही आणि वरचा भूभाग खाली खचतो. अशा रीतीने तयार झालेला विस्तीर्ण खळगा म्हणजे कॅल्डेरा. ज्वालामुख हे शिलारस बाहेर पडण्याचे तोंड असते व त्याचा व्यास सहसा काहीशे मीटर असतो. कॅल्डेरा मात्र खचण्यातून जन्मतो आणि त्याचा व्यास किलोमीटरांत मोजावा लागतो.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर बेसाल्ट खडकात आहे आणि गोलही आहे. म्हणून उत्तरपत्रिकेत त्याचा उल्लेख कॅल्डेरा म्हणून करण्याचा मोह होतो. लोणारचे विवर अशनीच्या आघाताने झाले आहे. त्याचा ज्वालामुखीशी संबंध एवढाच, की आघात झाला तो खडक फार पूर्वीच्या लाव्हारसाचा होता.

क्राफ्ला कॅल्डेरा आइसलँडच्या ईशान्य भागात, मीवात्न सरोवराजवळ आहे. त्याचा विस्तार सुमारे ८ गुणिले १० किलोमीटर असून तो एक लाख वर्षांहून अधिक जुना आहे. प्रत्यक्ष तेथे उभे राहिल्यास मात्र कढईचा आकार सहजी दिसत नाही, कारण नंतरच्या लाव्हारसाने व राखेने तो बराचसा भरून निघाला आहे. मध्य-अटलांटिक पर्वतरांग आइसलँडमधून जमिनीवरून जाते. उत्तर अमेरिकी व युरेशियन भूपट्ट येथे वर्षाला सुमारे २ सेंटिमीटर या वेगाने एकमेकांपासून दूर सरकतात. क्राफ्ला बरोबर या सांध्यावर आहे, आणि कॅल्डेराला छेदून जाणारा भेगांचा पट्टा उत्तर-दक्षिण सुमारे १०० किलोमीटर पसरला आहे.

या भागाला उद्रेकाचा इतिहासही आहे. १७२४ मध्ये येथे स्फोट होऊन वीती नावाचे ज्वालामुख तयार झाले. वीती म्हणजे नरक. त्यानंतर १७२९ पर्यंत अधूनमधून लाव्हारस वाहत राहिला, त्याने शेतघरे गिळली, आणि रेक्याह्लीद येथील चर्चच्या दोन्ही बाजूंनी वळसा घालून तो पुढे गेला. चर्च वाचले. भूवैज्ञानिक त्याचे श्रेय चर्चच्या जागेच्या किंचित उंचीला देतात. गावकऱ्यांचे मत अर्थातच वेगळे होते.

५.३ उष्णतेचा माग

पृथ्वीच्या कवचात सर्वसाधारणपणे दर किलोमीटर खोलीला तापमान २५ ते ३० अंश सेल्सिअसने वाढते. या हिशेबाने ३०० अंशांचा खडक गाठण्यास दहा किलोमीटर खाली जावे लागेल. तेवढी खोल विहीर खोदून वीज विकणे परवडणारे नाही. म्हणून जेथे शिलारस वर आल्यामुळे ही उष्णता एक-दोन किलोमीटरवरच सापडते, अशा जागा शोधल्या जातात. कॅल्डेराचे महत्त्व यातच आहे. खाली शिलारसाचे कोठार, वर भेगाळलेला खडक, आणि भेगांतून झिरपणारे पाऊस-बर्फाचे पाणी, या तिन्ही गोष्टी तेथे एकत्र येतात. तिघांपैकी एक जरी नसेल तरी वीजकेंद्र होत नाही. नुसता तापलेला कोरडा खडक उपयोगाचा नाही. उष्णता वर आणणारे वाहन पाणी हेच आहे.

जमिनीखालचे पाणी १०० अंशांना उकळत का नाही, हा प्रश्न अनेकांना पडतो. प्रेशर कुकरचा अनुभव आठवा. दाब वाढला की उत्कलनबिंदू वाढतो. एक किलोमीटर खोलीवर वरच्या पाण्याचा दाब इतका असतो, की तेथील पाणी सुमारे ३०० अंशांपर्यंत द्रवरूपातच राहू शकते. विहिरीने त्याला वर येण्यास वाट दिली, की दाब कमी होत जातो, पाणी उकळू लागते आणि वाफ व पाणी यांचे मिश्रण स्वतःच्या जोरावर वर झेपावते. वर आल्यावर वाफ वेगळी काढून टर्बाइनवर सोडतात.

शोधाची सुरुवात डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांपासून होते. वाफेची छिद्रे, उकळता चिखल, गंधकाने पिवळी पडलेली जमीन. त्यानंतर रसायनशास्त्र मदतीस येते. गरम पाण्यात सिलिका विरघळते, आणि पाणी जितके अधिक तप्त, तितकी अधिक. म्हणून झऱ्याच्या पाण्यातील सिलिका मोजून ते पाणी खाली किती अंशांच्या खडकाशी संपर्कात होते याचा अंदाज बांधता येतो. झरा जणू खालच्या स्वयंपाकाची चव वर घेऊन येतो.

तिसरा पुरावा विद्युत्‌रोधाचा. गरम पाण्यामुळे बेसाल्टचे हळूहळू चिकणमातीसारख्या खनिजांत रूपांतर होते, आणि या खनिजांतून वीज सहज वाहते. साधारण २३० अंशांच्या पुढे मात्र ही खनिजे टिकत नाहीत, त्यांच्या जागी दुसरी खनिजे येतात आणि रोध पुन्हा वाढतो. त्यामुळे भूपृष्ठावरून मोजणी करताना आधी कमी रोधाचे टोपण आणि त्याखाली अधिक रोधाचा गाभा अशी रचना आढळली, तर खाली उष्ण क्षेत्र आहे किंवा निदान पूर्वी कधी तरी होते, असे म्हणता येते. ‘पूर्वी कधी तरी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. खडक थंड झाला तरी त्यातील खनिजे बदलत नाहीत. कागदावरचा सुंदर नकाशा आणि प्रत्यक्षातली थंड विहीर यांची भेट यामुळेच घडते. अंतिम साक्ष विहिरीचीच.

स्वयं-अध्ययन : आपल्या कोकणात वज्रेश्वरी-गणेशपुरी, तुरळ, उन्हवरे, राजापूर येथे गरम पाण्याचे झरे आहेत. दख्खनच्या पठारावरील लाव्हारस सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. मग या झऱ्यांची उष्णता त्या लाव्हारसाची असू शकेल काय? वरील परिच्छेदांच्या आधारे चार-पाच ओळींत उत्तर लिहा व पुढे वाचा. (एवढ्या काळात तो खडक केव्हाच थंड झाला आहे. येथील पाणी भेगांवाटे खोल जाऊन तेथील नेहमीच्या भू-तापमानाने तापते व पुन्हा वर येते, असे मानले जाते. म्हणून झरे आहेत, परंतु क्राफ्लासारखे वाफेचे क्षेत्र नाही.)

५.४ वीजकेंद्र आणि जागा झालेला ज्वालामुखी

१९७० च्या दशकात तेलाचे भाव भडकले आणि आइसलँडने स्वतःच्या जमिनीखालील उष्णतेकडे अधिक गांभीर्याने पाहिले. १९७४ मध्ये क्राफ्ला येथे पहिल्या शोधविहिरी खोदल्या गेल्या. निकाल आशादायक होते. प्रत्येकी ३० मेगावॉटच्या दोन टर्बाइनांचे केंद्र उभारण्याचे ठरले आणि विहिरींची खरी क्षमता सिद्ध होण्यापूर्वीच यंत्रसामग्री मागविण्यात आली. या घाईचे समर्थन त्या काळच्या ऊर्जाटंचाईत शोधता येईल. तरीही, पाणी लागण्याआधी पंप विकत घेणाऱ्याला आपण काय म्हणतो, हे सांगण्याची गरज नाही.

२० डिसेंबर १९७५ रोजी क्राफ्लामध्ये उद्रेक झाला. अडीचशे वर्षांची शांतता संपली. १९८४ पर्यंत चाललेल्या या पर्वात एकूण नऊ उद्रेक झाले आणि भेगांच्या पट्ट्यात जमीन काही ठिकाणी आठ-नऊ मीटरपर्यंत फाकली. भूपट्टांच्या नेहमीच्या गतीने याला शतके लागली असती; साठलेला ताण नऊ वर्षांत मोकळा झाला.

या घटनाक्रमाचा एक ठरावीक ताल होता. शिलारस खालच्या कोठारात भरत जाई आणि जमीन आठवडे-महिने हळूहळू फुगत राही. मग एके दिवशी कोठाराची भिंत फुटे, शिलारस भेगांतून उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे धावे आणि काही तासांत जमीन खाली बसे. हा ताल ओळखण्यासाठी वापरलेले एक साधन मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगे आहे. वीजगृहाची इमारत उत्तर-दक्षिण लांब होती. तिच्या दोन टोकांच्या पातळीतील फरक नियमित मोजला जाई. कोठार फुगले की इमारत एका बाजूने किंचित उचलली जाई, रिकामे झाले की पूर्ववत होई. ज्या इमारतीच्या सुरक्षिततेची चिंता होती, तीच धोक्याची मोजपट्टी झाली. त्या काळात भूकंपलहरींच्या अभ्यासातून असेही दिसले, की कॅल्डेराखालून जाणाऱ्या दुय्यम लहरी अडतात. या लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत. म्हणजे साधारण ३ किलोमीटर खोलीपासून खाली वितळलेला खडक होता. हा ३ चा आकडा ध्यानात ठेवा, पुढे तो लागणार आहे.

केंद्रावर लाव्हारस आला नाही. नुकसान झाले ते अदृश्य मार्गाने. शिलारसातून सुटलेले वायू विहिरींच्या पाण्यात मिसळले, पाणी आम्लधर्मी झाले, नळ्या गंजू लागल्या आणि लोह-गंधकाची व सिलिकेची पुटे चढून विहिरी तुंबल्या. सुरुवातीच्या एका विहिरीत तर वाफेचा असा स्फोट झाला, की तिच्या जागी खड्डाच उरला. लोकांनी वीतीच्या धर्तीवर त्याचे नाव ‘स्वतः ओढवून घेतलेला नरक’ अशा अर्थाचे ठेवले. सप्टेंबर १९७७ मध्ये काही किलोमीटर दक्षिणेस ब्यार्नरफ्लाग येथे याहून विलक्षण प्रकार घडला. भेगेतून दक्षिणेकडे धावणाऱ्या बेसाल्टी शिलारसाला वाटेत एक विंधनविहीर भेटली, आणि सुमारे ३ टन तप्त खडक त्या विहिरीतून बाहेर फेकला गेला. माणसाने खोदलेल्या भोकातून ज्वालामुखीचा उद्रेक झाल्याचे हे उदाहरण.

पहिले टर्बाइन सुरू झाले तेव्हा ३० मेगावॉटच्या यंत्राला जेमतेम ७-८ मेगावॉटपुरती वाफ मिळत होती. दुसरे टर्बाइन बसविलेच गेले नाही. देशात कडाडून टीका झाली. प्रकल्प सोडून द्यावा की आणखी विहिरींवर पैसा घालावा, हा खरा पेच होता. आणि त्याचे उत्तर त्या क्षणी कोणत्याही शास्त्रात नव्हते. अखेर वायूंचा प्रादुर्भाव कमी असलेल्या दुसऱ्या भागांत, क्राफ्ला डोंगराच्या दक्षिण उतारावर व आणखी दक्षिणेला, नवे विंधन करून वाफ मिळविली गेली. १९८५ मध्ये केंद्र लँड्सविर्कयुन या राष्ट्रीय वीज कंपनीकडे आले. शिलारसी वायू हळूहळू ओसरल्यावर पुन्हा विहिरी खोदल्या गेल्या आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस, म्हणजे कामाच्या आरंभानंतर सुमारे पाव शतकाने, केंद्र ६० मेगावॉटच्या पूर्ण क्षमतेने चालू लागले.

५.५ विंधनाचे तंत्र

आपल्याकडील बोअरची गाडी हवेच्या दाबाने हातोडा चालवते व त्याच हवेने चुरा वर फेकते. भूऔष्णिक विहिरीत नळ्यांच्या लांब माळेच्या टोकाला फिरणारे बिट असते. नळीतून पाणी अथवा चिखलद्रव खाली सोडतात. तो बिट थंड ठेवतो आणि चुरा घेऊन बाहेरच्या पोकळीतून वर येतो. कधी कधी द्रव वर येतच नाही, भेगांत नाहीसा होतो. तेलविहिरीत ही आपत्ती समजतात. भूऔष्णिक अभियंता मात्र, विहीर पुरेशी खोल गेलेली असल्यास, खूश होतो, कारण ज्या भेगांतून पाणी जाते त्यांतूनच पुढे वाफ येणार असते.

खोदलेल्या भागात टप्प्याटप्प्याने पोलादी केसिंग उतरवून त्याच्या बाहेर सिमेंट भरतात. बाहेरचे केसिंग रुंद व कमी खोल, आतले अरुंद व अधिक खोल. या केसिंगची परीक्षा उष्णतेने होते. पोलाद तापले की प्रसरण पावते. २ किलोमीटर लांबीची मोकळी नळी ४०० अंशांनी तापली, तर ती साडेनऊ मीटरांच्या आसपास लांबेल. परंतु सिमेंटात जखडल्यामुळे तिला लांबता येत नाही, आणि तो सर्व ताण पोलादातच दबून राहतो. नंतर विहीर थंड पाण्याने एकदम निववली, तर आकुंचन पावताना नळीचे जोड उखडतात. म्हणून अशी विहीर तापविणे जितके नाजूक, तितकेच तिला थंड करणेही.

५.६ शिलारसाशी गाठ : २००९

सन २००० मध्ये आइसलँडमधील ऊर्जा कंपन्या व शासकीय ऊर्जा विभाग यांनी खोल विंधनाचा एक संयुक्त प्रकल्प हाती घेतला. कल्पना अशी होती : शुद्ध पाणी ३७४ अंश तापमान व २२१ बार दाब यांच्या पलीकडे गेले, की द्रव व वाफ हा भेद उरत नाही. या अतिक्रांतिक अवस्थेतील पाण्यात ऊर्जा फार अधिक असते, आणि नेहमीच्या विहिरीच्या कितीतरी पट वीज एकाच विहिरीतून मिळू शकते. पहिली विहीर क्राफ्ला येथे साडेचार किलोमीटरपर्यंत नेण्याचे ठरले.

२००९ च्या वसंतात, २ किलोमीटरच्या आसपास, काम अडखळू लागले. नळ्यांची माळ अडकली, तुटली, बाजूने फाटा काढून पुन्हा खोदावे लागले, पुन्हा तेच. जूनमध्ये सुमारे २१०० मीटरवर बिट एकाएकी भराभर खाली गेले, नंतर फिरण्यास प्रचंड विरोध होऊ लागला. वर आलेल्या चुऱ्यात काळसर काचेचे तुकडे होते. शिलारस पाण्याने क्षणात गोठला की काच होते. उलगडा झाला. विहीर सुमारे ९०० अंशांच्या वितळलेल्या खडकात शिरली होती.

आता तो ३ चा आकडा आठवा. सर्व पाहणी सांगत होती की शिलारस ३ किलोमीटरच्या खाली आहे. सापडला तो २.१ वर. हा शिलारस १९७५-८४ मध्ये बाहेर आलेल्या बेसाल्टचाही नव्हता; तो रायोलाइट प्रकारचा, सिलिकायुक्त व दाट होता. उष्णतेने बदललेला जुना बेसाल्टच अंशतः पुन्हा वितळून तो तयार झाला असावा, असा निष्कर्ष निघाला. १९७७ प्रमाणे तो विहिरीतून वर का आला नाही, याचेही उत्तर येथेच आहे. बेसाल्टी शिलारस पातळ असतो, रायोलाइटी अतिशय दाट. शिवाय विंधनाच्या पाण्याने त्याचा अग्रभाग गोठून काचेचे बूच बसले. क्राफ्ला येथील हा अनुभव एकटा नाही. हवाई बेटावरील पुना येथे २००५ मध्ये आणि केनियातील मेनेंगाई कॅल्डेरात नंतर काही वर्षांनी विहिरी अशाच शिलारसाला भिडल्या. पण तीनच उदाहरणांवरून नियम बांधता येत नाही.

विहीर बुजवून टाकणे सोपे होते. तसे न करता केसिंग पक्के करून तिला तापू देण्यात आले. २०१० ते २०१२ या काळात टप्प्याटप्प्याने वाफ सोडून पाहिली, तेव्हा विहिरीच्या तोंडाशी तापमान ४५० अंशांपर्यंत पोहोचले. उत्पादक भूऔष्णिक विहिरींत एवढी उष्ण विहीर जगात दुसरी नव्हती. अंदाजित क्षमता ३६ मेगावॉट. म्हणजे ६० मेगावॉटच्या संपूर्ण केंद्राच्या निम्म्याहून अधिक वीज एका भोकातून. मात्र वाफेत हायड्रोक्लोरिक आम्ल होते, सिलिकेची बारीक धूळ होती. कोरडी असेपर्यंत वाफ फारसा उपद्रव देत नाही. थेंब बनू लागताच आम्ल पोलाद खाऊ लागते, धूळ झडपा घासून काढते. जुलै २०१२ मध्ये झडपा निकामी झाल्याने विहीर थंड पाण्याने विझवावी लागली, आणि मागील विभागात सांगितलेले संकट ओढवले : आकुंचनाने केसिंग फाटले. त्या विहिरीतून ग्रिडला वीज कधीच गेली नाही.

मग ती विहीर यशस्वी म्हणावी की अयशस्वी? ठरलेली खोली गाठली गेली नाही, अतिक्रांतिक द्रव मिळाला नाही, पैसा वीजरूपाने परतला नाही. दुसऱ्या बाजूस, शिलारसाच्या काठावरील खडकातूनही वाफ घेता येते हे प्रथमच प्रत्यक्ष दिसले, आणि भूपृष्ठावरून काढलेले आपले नकाशे किती ढोबळ आहेत हेही. प्रस्तुत लेखकाचे मत दुसऱ्या बाजूस झुकते. तथापि खर्च ज्यांच्या वीजबिलातून होतो त्यांनी पहिल्या बाजूने विचार केला, तर ते चूक म्हणता येणार नाही. याच प्रकल्पाची दुसरी विहीर आइसलँडच्या नैर्ऋत्य टोकाला रेक्यानेस येथे जानेवारी २०१७ मध्ये ४६५९ मीटरवर पूर्ण झाली व तेथे अतिक्रांतिक स्थिती आढळली. क्राफ्लामध्ये मात्र आता जाणूनबुजून पुन्हा शिलारसापर्यंत जाऊन तेथे मापनयंत्रे ठेवण्याची योजना आखली जात आहे. पहिल्या वेळी जो अपघात होता, तो या वेळी उद्देश आहे. ९०० अंशांत टिकेल असे उपकरण आणि तापून-निवूनही न फाटणारा केसिंगचा जोड, या दोन गोष्टींवर तिचे भवितव्य ठरेल.

५.७ स्वाध्याय

१. १९७७ मधील ब्यार्नरफ्लागची विहीर आणि २००९ मधील क्राफ्लाची विहीर यांत शिलारसाचे वर्तन भिन्न का होते, ते शिलारसाच्या प्रकाराच्या आधारे स्पष्ट करा.

२. आपण १९७८ मध्ये आइसलँडच्या ऊर्जा विभागात सल्लागार आहात अशी कल्पना करा. केंद्रात ३० ऐवजी ७ मेगावॉट वीज निर्माण होत आहे, ज्वालामुखी अद्याप शांत झालेला नाही आणि दुसरे टर्बाइन खोक्यात पडून आहे. आणखी विहिरी खोदाव्यात की प्रकल्प थांबवावा? १९७८ पर्यंत उपलब्ध असलेली माहितीच वापरून सुमारे ३०० शब्दांत टिपण लिहा. पुढे काय घडले हे आपणांस ठाऊक आहे, याचा फायदा घेऊ नये. हीच या प्रश्नाची खरी अडचण आहे.